शेऱ्याचा रकाना

६ जानेवारी २००९, मंगळवार

भेळ! माझ्या पंधरा वर्षांना भेळ म्हणाला तो!

'कम्युनिटी हेड'च्या जागेसाठी आज मुलाखत होती. समोर आमचा एचआरचा प्रमुख सुदर्शन आणि बंगलोरहून आलेले दोघे. सुदर्शनने माझा बायोडेटा टेबलावर पसरला आणि हसत म्हणाला, "अपेक्षा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण हे करिअर नाही, ही भेळ आहे. टेलिफोन ऑपरेटर, रिसेप्शन, ट्रॅव्हल डेस्क, कंपनीचं मासिक, आता अ‍ॅल्युमनाय. यात लाइन कुठली?"

बंगलोरवाले हसले. मीही हसले! त्याचाच जास्त राग येतोय.

लाइन कुठली म्हणे. भोसरीच्या कारखान्यात टेलिफोन बोर्डावर बसायचे तेव्हा दोनशे एक्स्टेन्शन तोंडपाठ होती. 'हॅलो' म्हटल्याबरोबर कळायचं कोणाच्या घरी काय बिनसलंय. मग या कंपनीत रिसेप्शनला आले. मग ट्रॅव्हल डेस्क. दोन हजार सालाच्या आधी पोरं घाऊक अमेरिकेला चालली होती. एकेकाचा व्हिसा, एकेकाच्या आईची समजूत, लोणच्याची बरणी बॅगेत कशी बांधायची, सगळं मी सांगितलंय. मग मासिक. आणि २००४ पासून, कंपनी सोडून गेलेल्यांशी संपर्क ठेवायचं काम. तेव्हा त्याला नावही नव्हतं. एक टेबल, एक फोन आणि मी. आज तीन हजार शंभर माजी लोक मला नावानिशी ओळखतात. त्यातले दोनशे तरी परत कंपनीत आले. कोणी आणले?

लाइन ही आहे. माणसं! पण हे तिथे सुचलं नाही. आत्ता ओटा पुसताना सुचलं.

आई म्हणते, "मग उद्या जाऊन सांग." उद्या कोण ऐकतंय.

९ जानेवारी, शुक्रवार

जागा "तूर्त गोठवली" आहे. मंदीमुळे. माझं काम मात्र गोठलेलं नाही, ते चालूच राहायचंय!

२८ जानेवारी, बुधवार

मिळाली! आज सुदर्शनने बोलावलं. "बोर्डाला तुझा प्रवास फार आवडला." भेळेचा प्रवास झाला तीन आठवड्यांत. पगार तोच, पाटी नवी. पूर्वाने (माझ्या हाताखाली एकटी तीच, पंचवीस वर्षांची) टेबलावर सोनचाफा ठेवला. मला आनंद झाला. कबूल करून टाकते.

येताना पेढे घेतले. खालच्या घरमालकीणबाईंना दिला. पेढा हातात धरून म्हणाल्या, "वा. म्हणजे आता आपण मोठं घर बघणार असाल." नारायण पेठेत सहा वर्षं राहतोय आम्ही. आडनाव कळल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाई आमच्यासाठी मोठं घर शोधताहेत.

२ फेब्रुवारी, सोमवार

जागा का मिळाली ते आज कळलं.

शुक्रवारी शहाऐंशी लोकांना काढणार आहेत. एका दिवसात. आणि त्यांना जे पत्र द्यायचं ते मी लिहायचं!

"काढत नाही आहोत आपण," सुदर्शन म्हणाला. "ते ग्रॅज्युएट होताहेत. आपल्या अ‍ॅल्युमनाय परिवारात येताहेत. टोन तसा पाहिजे."

"त्यांना माहीत आहे का, ते ग्रॅज्युएट होताहेत?"

"तू लिहिलंस तर त्यांना कमी लागेल. लोक तुझं ऐकतात."

नावं मागितली. म्हणाला, शुक्रवारी सकाळी.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लिहिलं.

'परिवार' शब्द काढायला लावला. 'नवी झेप' काढायला लावली. 'आपल्या योगदानाबद्दल कृतज्ञता' राहिली. दोन तास एकेका शब्दावर भांडले आणि पाय आपटत बाहेर आले, जिंकल्यासारखी! पण शेवटी पत्र तयार आहे आणि ते मी लिहिलंय. चांगलं उतरलंय.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसऱ्या मजल्यावरची मोठी खोली. बाहेर सिक्युरिटीची चार माणसं आणि घडी न उलगडलेले खोके. एकेकाला नाव घेऊन बोलवायचे. आत सुदर्शन, वकील आणि मी. मी पत्र द्यायचं.

अकराच्या सुमारास रावसाहेब तनपुरे आत आले. आमच्या ट्रान्सपोर्टचे. कंपनीच्या एक्केचाळीस बस कुठून निघतात, कुठे थांबतात हे या माणसाच्या डोक्यात असतं. कोणी नवीन मुलगी कामाला लागली की तिचा थांबा दिव्याखाली आहे ना हे स्वतः जाऊन बघून येणारे. एकोणीस वर्षं!

नाव पुकारलं तेव्हा मला वाटलं, गाड्यांचं काही विचारायला बोलावलंय; यादी मला दाखवलीच नव्हती. दुपारी काढलेल्या लोकांना घरी सोडायला जादा गाड्या सांगितल्या होत्या ना. त्यांना सांगितलं होतं, ट्रेनिंगच्या बॅचसाठी हव्यात. त्यांनीच ठरवल्या होत्या.

सुदर्शन म्हणाला, "बसा, रावसाहेब."

बसले नाहीत. उभ्यानेच पत्र वाचलं, सावकाश. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, ह्ये तुमी लिवलंय न्हवं? चांगलं लिवलंय." सही केली. दारात वळून सुदर्शनला म्हणाले, "सहाच गाड्या सांगितल्या व्हत्या मला. सातवी सांगाया पायजे व्हती."

सुदर्शनने पुढचं नाव घेतलं.

७ फेब्रुवारी, शनिवार

दिवसभर कपाटं आवरत होते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

रावसाहेबांचा फोन. हॉस्पिटलातून. त्यांच्या पत्नीचं, दुर्गाबाईंचं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस असतं. मला दीड वर्षापासून माहीत आहे.

"मॅडम, ती कंपनीची पॉलिसी हाय, हिच्या इलाजाची. ती माजी लोकान्ला चालती का?"

"नाही, रावसाहेब. महिनाअखेरीपर्यंतच."

 मागे कोणीतरी नंबर पुकारत होतं.

"मंग माजी म्हंजी काय असतंय नेमकं?"

पाच वर्षं हे काम करतेय. देशभरच्या परिषदांमध्ये यावर भाषणं दिलीत. "बघून सांगते," म्हटलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार



काढलेल्या लोकांना पोर्टलवर 'माजी' म्हणून चढवायचं काम पूर्वाकडे आलं. त्यासाठी तिला एचआरकडून यादी आली. चुकून पूर्ण आली. नुसती नावं यायला हवी होती, पण हा का, तो का, याचा सगळा तक्ताच आला. पूर्वा माझ्याकडे आली, दार लावलं, आणि म्हणाली, "मॅम, हे तुमचे शब्द आहेत."

माझे होते.

टेलिफोन बोर्डापासूनची माझी सवय. कोणी काही सांगितलं की टिपून ठेवायचं. कोणाचे वडील आजारी, कोणाला मूल होत नाही, कोणाला गावाकडे परतायचंय. पुढच्या वेळी विसरता कामा नये म्हणून! "बाबा कसे आहेत?" असं विचारता यावं म्हणून! मी सोडून गेलेल्यांचंच नाही, असलेल्यांचंही बघते. रक्तदात्यांची यादी, आजारपणात भेटायला जाणं, सगळं. २००७ मध्ये सुदर्शन म्हणाला, या वह्या सिस्टिमवर घाल, सगळं एका जागी राहील. घातल्या. शेवटचा रकाना 'शेरा'.

त्या तक्त्यात रावसाहेबांच्या ओळीत कारण आहे: 'उपलब्धता मर्यादित.' आणि पुढे, आधार म्हणून, माझं वाक्य जसंच्या तसं. 'पत्नीचं डायलिसिस, मंगळ-शुक्र दुपारी लवकर निघतात. सांभाळून घ्यावं.'

सांभाळून घेतलं!

शहाऐंशीपैकी तेवीस जणांच्या ओळीत माझा शेरा आहे. मोजले. पुन्हा मोजले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सुदर्शनच्या खोलीत गेले. विचारलं.

"तक्ता कोणी दाखवला तुला?"

"कम्युनिटी हेड आहे मी. मला दिसणारच."

"हे बघ, कोणाला तरी काढायचंच होतं. आकडा वरून आला. डोळे मिटून काढण्यापेक्षा काहीतरी निकष बरा की नाही?"

"बायको आजारी असणं हा निकष?"

"उपलब्धता हा निकष. माहिती तूच गोळा केलीस, अपेक्षा. फार बारकाईने. कोणी तुला सांगितलं नव्हतं."

यावर मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. बाहेरच्या सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या, एवढं आठवतंय. पण ते शेवटचं वाक्य! चीड त्याची येतेय. तो माणूस खोटं बोलला असता तर किती सोपं झालं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार

कात्रजला गेले. डेअरीच्या मागे, चढावर दोन खोल्या. रावसाहेबांनी खुर्ची पुसून दिली. दुर्गाबाई कॉटवर बसून मेथी निवडत होत्या. डाव्या हाताला पट्टी.

मी सगळं सांगितलं. रकाना काय, शेरा काय, त्यात मी काय लिहिलं आणि त्याचं काय झालं. रावसाहेब म्हणाले, "जाऊंद्या मॅडम, तुमी काय वंगाळ मनानं लिवलं न्हाई."

दुर्गाबाईंनी मेथी खाली ठेवली.

"एक मिनिट. आजार कुनाचा हाय?"

रावसाहेब माझ्याकडे बघायला लागले.

"माजा हाय. ह्यांनी तुमाला सांगितलं, मला न इचारता. तुमी लिवून ठिवलं, ह्यान्ला न इचारता. त्यांनी वाचलं, कुनालाच न इचारता. समदे माज्या हाताच्या सुया मोजत्यात, आन् मलाच पत्ता न्हाई!"

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच," त्या म्हणाल्या. चहा झाला नाही. रावसाहेब चढ उतरून स्टॉपपर्यंत सोडायला आले. बस येईपर्यंत थांबले. सवयच ती.

बसमध्ये राग राग आला होता. एवढं जाऊन, सांगून, माफी मागून वर बोलणी! घर येईपर्यंत तो उतरला. त्या बाईने जे विचारलं ते मला पाच वर्षांत कोणत्याही परिषदेत कोणी विचारलं नव्हतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

उरलेल्या बावीस जणांना सांगायला सुरुवात केली. रोज पाच-सहा फोन, ऑफिस सुटल्यावर. एकाने शिव्या दिल्या. एक मुलगी म्हणाली, "मी आई होणार आहे हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं." आणि ठेवला.

आईला सांगितलं आज. आईने ऐकून घेतलं. मग बाबांचं सांगितलं. मला हे माहीत नव्हतं. बाबा बडनेऱ्याला पोस्टात होते तेव्हा त्यांच्या गोपनीय अहवालात साहेबाने एक ओळ लिहिली होती: 'स्वभावाने हेकट.' बढती सहा वर्षं अडली. का अडली ते बाबांना कळलंच नाही. रिटायर झाल्यावर एका कारकुनाने सांगितलं.

"हेकट होतेच ते," आई म्हणाली. "पण एका ओळीएवढे नव्हते."

२४ फेब्रुवारी, मंगळवार

निदान एक गोष्ट मला येते, ती करतेय. वही काढून माजी लोकांना फोन. जे २००१ मध्ये काढले गेले आणि आज दुसरीकडे मॅनेजर आहेत, त्यांना. "तुमच्याकडे जागा आहे का? एक नाही, शहाऐंशी माणसं आहेत." हिंजवडीत एकाने सहा बायोडेटा मागवले. मगरपट्ट्यात एकीने चार. नगर रोडवरचा एकजण, ज्याच्या आईला मी अमेरिकेचं लोणचं बांधून दिलं होतं, म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणाल त्याला बोलवतो." एकोणीस जणांच्या मुलाखती ठरल्या.

रावसाहेबांसाठी मात्र कुठेच नाही. वय त्रेपन्न. शिवाय जिथे नवी नोकरी, तिथे नवी पॉलिसी, आणि चालू आजार त्यात पहिली काही वर्षं धरत नाहीत. चार ठिकाणी विचारलं. चारही ठिकाणी हेच.

कंपनी म्हणते हे कंपनीचं 'अ‍ॅल्युमनाय एंगेजमेंट' आहे, मासिकात लिहू या! लिहा. फोटो हवा का?

२ मार्च, सोमवार

बोर्डाला पत्र दिलं. माझ्या सहीने. तेवीस ओळी, तेवीस शेरे, आणि त्यांचा वापर कशासाठी झाला ते. त्या तेवीसांना परत घ्या किंवा निदान आजारपणाची पॉलिसी वर्षभर चालू ठेवा, असं लिहिलं. नाहीतर हेच पत्र आपल्या जर्मनीच्या क्लायंटला पाठवते. लोकांच्या खाजगी माहितीबद्दल ते फार कडक आहेत.

पूर्वाचं नाव कुठेही नाही. नावं मात्र सगळ्यांची जाणार होती, म्हणून तेवीसही जणांना या वेळी आधी विचारलं. वीस जण हो म्हणाले. तिघांच्या ओळीत नाव नाही. दुर्गाबाईंना वेगळा फोन केला. "लिवा. आता लिवा," म्हणाल्या.

५ मार्च, गुरुवार

निलंबित. 'चौकशी पूर्ण होईपर्यंत.' सिक्युरिटीचा माणूस माझ्याबरोबर टेबलापर्यंत आला. "मॅडम, मला माफ करा, ऑर्डर आहे." वह्या ठेवून घेतल्या त्यांनी! माझ्या पैशांनी घेतलेल्या, माझ्या अक्षरातल्या!

पण घाबरलेत. घाबरल्याशिवाय असं करत नाहीत.

१७ मार्च, मंगळवार

पूर्वाचा फोन, कुठल्यातरी बूथवरून. "मॅम, ते चार लोकांना परत घेताहेत. ज्यांच्या घरी आजारपण आहे त्या चौघांना."

जिंकले! मी खुर्चीवरून उठलेच.

"पण एक निवेदन द्यायचं आहे त्यांनी. की माहिती तुम्ही, परवानगी न घेता, स्वतःहून गोळा केली. कंपनीला कल्पना नव्हती. म्हणजे सगळं तुमच्या—"

उरलेलं ऐकलं नाही. ज्यांनी तो रकाना मागितला, वाचला, वापरला, ते नामानिराळे! आणि ज्यांच्यासाठी मी हे केलं त्यांच्याच हातून माझ्यावर! बोर्डाकडचं माझं पत्र केराच्या टोपलीत. क्लायंटला दाखवायला यांच्याकडे चार सह्या. सुदर्शनचं डोकं आहे हे. निकष!

रावसाहेबांना फोन केला. उचलला नाही. तीनदा केला.

२० मार्च, शुक्रवार

रावसाहेब स्वतः आले. नारायण पेठेत ते पहिल्यांदाच. घरमालकीणबाईंनी जिन्यातच अडवून कोण, कुठले, विचारून घेतलं होतं. खिशातून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. सुदर्शनने दिलेला मसुदा. इंग्रजीत.

"फोन उचलला न्हाई मी. काय बोलनार? ह्ये दाखवाया आलो. मी न्हाई करनार सही."

"पॉलिसी?"

"बगू. गावाकडची जमीन हाय थोडी."

"ती किती दिवस पुरेल?"

त्यांनी कागदाची घडी पुन्हा नीट केली. आज शुक्रवार. डायलिसिस उरकून दुर्गाबाईंना घरी सोडून आले होते. शर्टाच्या बाहीवर औषधाचा वास होता. मी त्यांच्यावरच चिडले! म्हटलं, "तुम्हाला मोठेपणा मिरवायला काय जातंय? आजार कोणाचा आहे?" माझ्या तोंडून ते वाक्य बाहेर पडलं आणि दोघंही चपापलो.

आईने चहा ठेवला. त्यांनी प्यायला. कागद तिथेच टेबलावर विसरून गेले. की ठेवून गेले, माहीत नाही.

रात्री वाचला. मसुदा भयंकर आहे. "माझ्या असहायतेचा गैरफायदा घेतला", "बदनामीच्या हेतूने". खोटं! यावर सही केली तर रावसाहेब आरशात बघणार नाहीत. पण त्या खोट्यातून खोटं काढून टाकलं तर खाली काय उरतं, ते बघत बसले.

२३ मार्च, सोमवार

चौघांचीही निवेदनं मीच लिहून दिली. मराठीत. मजकूर चौघांचा एकच: माहिती मी, कोणी न सांगता, त्यांना न विचारता लिहून ठेवली. एकाच हातची वाटू नयेत म्हणून प्रत्येकाची भाषा वेगळी ठेवली. रावसाहेबांच्यात दुर्गाबाईंना एक ओळ बदलून हवी होती, ती बदलली. सह्या झाल्या, कंपनीने घेतली, उद्याच्या मंगळवारचं डायलिसिस पॉलिसीवर आहे.

एकाही निवेदनात एकही वाक्य खोटं नाही.